चढाला दम सोडणारी गाडी

धाकू डिझेल काढतो, हे गोकुळदासने बायकोला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा विनोदिनी हसली होती. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ती गप्प राहिली. तिसऱ्यांदा सांगायची त्याला गरज पडली नाही, कारण तोवर तिला स्वतःलाच तसं वाटायला लागलं होतं.

विनोदिनीचा एक टिपर होता. घर कोरगावात आणि खडीचा क्रशर डिचोलीच्या बाजूला. तिथून खडी भरायची आणि मोरजी, मांद्रे या भागात जिथे बांधकामं चालू असतील तिथे नेऊन ओतायची, असा तिचा धंदा. गोकुळदास वीज खात्यात नोकरीला. तो सकाळी जायचा तो संध्याकाळी यायचा. टिपर तिच्या नावावर, गिऱ्हाइकं तिची, दिवसभर वाजणारा फोनही तिचाच. जड गाडीचं लायसन्ससुद्धा तिने काढून ठेवलं होतं. ड्रायव्हर आला नाही तर गाडी अडून राहू नये, एवढ्यासाठीच. रिकामा टिपर ती कधीमधी पेट्रोल पंपापर्यंत न्यायची, तेव्हा नाक्यावरची माणसं चहाचा कप हातात धरून बघत राहायची.

गाडी जुनी होती. आदल्या वर्षी कोल्हापूरच्या एका माणसाकडून घेतलेली, दहा चाकांची, टर्बोवाली. घ्यायच्या दिवशी धाकू तिच्यासोबत गेला होता. त्याने चालवून बघितली, बॉनेट उघडून आत डोकं घातलं, तेलाची पट्टी काढून बोटाने पुसली आणि म्हणाला, "वयनी, गाडी बरी असा. घ्या तुमी."

धाकू दोडामार्गाकडच्या साटेली-भेडशीचा. पन्नाशी उलटलेला, अंगाने सुका, बोलायला कमी. डिचोलीच्या खाणी जोरात होत्या तेव्हा त्याने वर्षानुवर्षं मातीचे ट्रक चालवले होते. खाणी बंद पडल्यावर मिळेल ती गाडी चालवत तो कोरगावात आला आणि विनोदिनीकडे टिकला. आठवडाभर तिच्या घरामागच्या खोलीत राहायचा, रविवारी गावी बायकोकडे जायचा. त्याने कधी उचल मागितली नाही की गाडीला खरचटू दिलं नाही.

शिगमो, म्हणजे शिमगा, संपला आणि गाडीची रड सुरू झाली. रिकामी असली की पळायची. सपाटीवर भरलेलीही चालायची. पण खडी भरून चढाला लागली की मधेच तिचा दम जायचा. मागे काळा धूर, इंजिनाचा आवाज पोकळ, आणि वेगाचा काटा खाली खाली. "ओढणा नाय गाडी," धाकू म्हणायचा. डिझेलची टाकी पूर्वीपेक्षा लवकर रिकामी व्हायला लागली. त्यातच इंजिन ऑइल पिऊ लागलं. दर थोड्या दिवसांनी धाकू ऑइलचा नवा डबा मागायचा आणि रिकामा डबा खोलीच्या बाहेर ठेवायचा.

डिचोलीला बाबलीचं गॅरेज होतं, तिथे गाडी दोन-तीनदा जाऊन आली. बाबलीने आधी हवेचा आणि डिझेलचा फिल्टर बदलला. मग डिझेलचा पंप उतरवून तपासून आणला. धाकूला खात्री होती की दोष पंपातच आहे. पंप परत चढवल्यावर त्याने गाडी भरून चढाला घातली आणि तोंड पाडून परत आला. काही फरक नव्हता. शेवटच्या खेपेला बाबलीने उभ्या गाडीला रेस दिली, सगळे पाइप हाताने चाचपले, कान लावला.

"गाडयेक कांय जाल्लें ना," तो विनोदिनीला बाजूला घेऊन म्हणाला. "उबी आसता तेन्ना सगळें बरें. तुमचो ड्रायव्हर गियर उशिरा घालता जावंक जाय."

तिने हे घरी येऊन सांगितलं आणि गोकुळदासला आयतंच मिळालं.

"गॅरेजवालो म्हणता गाडीक काय झाला नाय," तो म्हणाला. "मगे डिझेल खय जाता? ऑइल खय जाता? तूच सांग."

गोकुळदास काही दुष्ट माणूस नव्हता. त्याच्या वडिलांची एक जीप होती आणि तिच्या ड्रायव्हरने घरच्यासारखं राहून त्यांना बरंच नागवलं होतं. ते त्याने लहानपणी डोळ्यांनी बघितलं होतं. विनोदिनीला हे माहीत होतं, म्हणून तर तिला त्याचं बोलणं झटकून टाकता येईना. मग तिचं धाकूकडे बघणंच बदललं. तो संध्याकाळी खोलीकडे जाताना हातात पिशवी असली की तिची नजर पिशवीवर जायची. टाकी भरताना ती पंपावर स्वतः जाऊन उभी राहू लागली. एकदा तर तिने तो जेवायला गेल्यावर त्याच्या खोलीच्या मागे जाऊन कॅन आहेत का ते बघितलं. तिथे फक्त वाळत घातलेली लुंगी होती. परत येताना धाकू दारात उभा होता. त्याने बाजूला होऊन तिला वाट दिली.

दोन दिवसांनी तिने त्याला सांगितलं, "धाकूभाऊ, उद्या मी तुमच्यावांगडा गाडीयेत येतंय."

"येवा," तो म्हणाला.

सकाळी ते डिचोलीला गेले, खडी भरली आणि मोरजीच्या वाटेला लागले. एप्रिलचं ऊन, खिडकीतून येणारा वारा भट्टीसारखा. विनोदिनी त्याच्या हातापायांवर लक्ष ठेवून बसली होती. गियर कधी घालतो, उतारावर गाडी कशी सोडतो, वाटेत कुठे थांबतो का. तो कुठेच थांबला नाही. गियर वेळेवर पडत होते. कोलवाळचा पूल ओलांडला, पेडण्याचा भाग सुरू झाला, आणि तिला हळूहळू जाणवलं की पकडायला ती आली आहे खरी, पण पकडण्यासारखं काही दिसत नाही.

कोरगावच्या सड्यावर, म्हणजे गावाच्या डोक्यावरच्या त्या जांभ्या दगडाच्या माळावर, चढणारा रस्ता लागला. अर्ध्या चढावर गाडीने दम सोडला.

विनोदिनीने हे ऐकलं खूपदा होतं, पण बघत होती पहिल्यांदा. धाकूचा पाय तळापर्यंत दाबलेला आणि तरी गाडी मरगळत चाललेली. आरशात काळ्या धुराचा लोट. त्या धुराआडून विमानतळाकडे जाणाऱ्या टॅक्स्या हॉर्न वाजवत होत्या. धाकूने गियर खाली घातला, आणखी खाली घातला, आणि चालायच्या वेगाने गाडी रस्त्याच्या कडेला, काजूच्या झाडांजवळच्या रुंद जागेत घेऊन हॅन्डब्रेक ओढला.

"बघितलात?" त्याने विचारलं.

"बघितलंय."

तो खाली उतरला, दोन मोठे जांभ्याचे चिरे उचलून आणले आणि मागच्या चाकांमागे टाकले. मग पुढच्या चाकांपुढेही दोन टाकले. हात झटकून तो तिच्या बाजूच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि वर न बघता म्हणाला, "वयनी, तुमी आज कित्याक इलात ता माका ठावक असा. मी डिझेल काढतंय असा तुमका वाटता."

नाही म्हणावं तर ते खोटं, हो म्हणावं तर जीभ उचलेना.

तिच्या उत्तरासाठी तो थांबला नाही. "आता तुमी इलातच असात तर एक काम करा. माका एक माणूस होयोच होतो. माझ्या सीटवर बसा."

त्याने तिला समजावलं ते असं. टर्बो म्हणजे इंजिनाच्या कुशीतला छोटा पंखा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर तो फिरतो आणि हवा दाबून परत इंजिनात कोंबतो. त्या हवेवरच भरलेली गाडी चढ चढते. हवा वाटेत कुठे गळाली तर डिझेल तेवढंच जातं, पण धड जळत नाही, त्याचा काळा धूर होतो. पंपात दोष नाही हे आता कळलंच होतं. तेव्हा हवाच गळत असणार. पण उभ्या गाडीत टर्बो जोर करत नाही, म्हणून गॅरेजात कितीही कान लावला तरी गळती सापडणार नाही. गाडीवर ओझं पडलं पाहिजे आणि त्याच वेळी कुणीतरी पाइपाजवळ असलं पाहिजे.

"तिसरो गियर घाला, रेस द्या आणि क्लच अर्धो सोडा," तो म्हणाला. "गाडी पुढे जावक बघतली, हॅन्डब्रेक तिका सोडूचो नाय. इंजिनाक वाटतला चढ चढताहा. मी हय चाकाकडे बसान बघतंय. एक थाप मारलंय तर रेस वाढवा. दोन मारलंय तर रेस सोडा नि क्लच दाबा."

"आणि हॅन्डब्रेक सुटलो तर?"

"म्हणान तर चिरे घातलंय."

चिऱ्यांकडे बघून तिला काही धीर आला नाही. खडीने भरलेला टिपर चिऱ्याचा भुगा करून जागचा हलला तर पहिल्यांदा त्याचा पाय चाकाखाली सापडला असता, मग तो.

"काय इपरीत झाला तर," तो जाता जाता म्हणाला, "वरचो गियर घाला, पायाचो ब्रेक दाबा नि क्लच एकदम सोडा. गाडी जाग्यार मरतली."

ती सरकून ड्रायव्हरच्या सीटवर बसली. सीट त्याच्या अंगाला बसलेली, पुढे ओढायला हवी होती, पण तिला दांडा सापडेना; ती टोकावर बसली. डाव्या आरशात तिला धाकू दिसला. पुढच्या चाकाच्या मागे उकिडवा बसून त्याने चाकाच्या कमानीत डोकं घातलं होतं. आरशात उरली होती फक्त पाठ आणि मानेवर टाकलेला टॉवेल.

तिने गियर घातला. पाय क्लचवर होता. तिने तो मिलिमीटरभर उचलला, आणखी थोडा. गाडी पुढे सरकायला बघू लागली, सगळी केबिन पुढे वाकल्यासारखी झाली. इंजिनाचा आवाज जड झाला. बाहेरून एक थाप. तिने रेस वाढवली. जळक्या क्लचचा वास आला. पुन्हा एक थाप. ती ओठ दाबून रेस वाढवत गेली, नजर आरशातल्या त्या पाठीवर.

आणि मग तिला ऐकू आलं. इंजिनाच्या आवाजाखालून, खूप लांब, सायकलच्या ट्यूबमधून वारा जावा तसा फुरफुर आवाज. रेस वाढली की तो मोठा व्हायचा. आरशात धाकूचा हात वर झाला. त्याला सापडलं होतं.

दोन थापा आल्या.

तिने रेस सोडली आणि क्लच दाबला. इंजिनाचा आवाज खाली यायला हवा होता. तो वर चढला.

आधी तिला वाटलं पाय चुकून रेसवरच राहिला. तिने खाली बघितलं. पाय बाजूला होता. आवाज चढतच होता, जडपणा जाऊन त्याची किंकाळी झाली होती. तिने चावी फिरवून काढली. काही झालं नाही. डॅशबोर्डखालचं इंजिन बंद करायचं बटण ओढून धरलं. तरी काही नाही. काचेबाहेर पांढरा-निळा धूर उसळला आणि रस्ता दिसेनासा झाला. सगळी केबिन अशी हादरत होती की तिचे दात एकमेकांवर आपटत होते. काय झालंय ते तिला तेव्हा कळलं नाही; एवढंच कळलं की हे इंजिन आता डिझेलवर चाललेलं नाही आणि ते फुटेपर्यंत थांबणार नाही.

वरचा गियर. पायाचा ब्रेक. क्लच सोडायचा. तिने गियर ओढून वरचा घातला, ब्रेकवर सगळा भार दिला, आणि क्लच सोडायच्या आधी आरशात बघितलं.

धाकू तिथे नव्हता.

उजव्या आरशातही नव्हता. पुढे धूर. तिने खिडकीतून ओरडून हाक मारली, पण तिची हाक तिलाच ऐकू आली नाही. क्लच सोडला की गाडी झटका देणार. तो चाकासमोर असेल तर? खाली घुसला असेल तर? क्लच दाबून डावा पाय भरून आला होता. बॉनेटखाली काहीतरी ठणठण वाजायला लागलं. खाली उडी मारावी असं एकदा तिच्या मनात आलं; मग ब्रेकवर कोण राहणार, हेही लगेच आलं.

मागच्या काचेवर धाडधाड आवाज झाला. ती वळली. केबिन आणि हौदा यांच्या मधल्या जागेत, चासीवर चढून धाकू उभा होता. तिथे हवा आत घेणारा उभा पाइप होता आणि त्याच्या तोंडात कोंबायला त्याने ताडपत्रीचा बोळा केला होता. हवा तोडली असती तर इंजिन गुदमरून मेलं असतं. पण पाइप ताडपत्री खेचून फाडत होता, आणि एका हाताने धरून ती बसवणं त्याला जमत नव्हतं. त्याने ती सोडून दिली, काचेवर पुन्हा थाप मारली आणि तळवा वर करून दाखवला. क्लच सोडा.

तिने मान हलवली. हाताने खूण केली, आधी खाली उतरा.

त्यानेही मान हलवली. उतरायला मागे वळून, पाय चाचपून उतरावं लागलं असतं आणि तेवढा वेळ नव्हता. त्याने दोन्ही हातांनी हौद्याची कड पकडली, अंग आवळलं आणि काचेतून सरळ तिच्याकडे बघत डोकं खाली-वर केलं.

विनोदिनीने क्लच सोडला.

गाडीने एवढा मोठा आचका दिला की तिची छाती स्टिअरिंगवर आदळली. चिरा फुटल्याचा आवाज आला. मग सगळं एकदम बंद. किती शांत झालं ते तिला सहन होईना. काजूच्या झाडांत एक कोतवाल पक्षी ओरडत होता तो ऐकू यायला लागला.

ती उतरून गाडीला वळसा घालून गेली. धाकू गाडीच्या डाव्या बाजूला, हौद्यातून सांडलेल्या खडीवर पडला होता. डोळे उघडे. उजवा हात मनगटातून भलत्याच दिशेने वळलेला.

"मेली?" त्याने विचारलं.

"काय?"

"गाडी."

"मेली," ती म्हणाली आणि तिथेच खडीवर त्याच्या शेजारी बसली. तिने त्याच्या मानेवरचा टॉवेल घेतला आणि हात हलू नये म्हणून आवळून बांधला. तो कळवळला नाही, फक्त दात चावले. मग तिने आधी रुग्णवाहिका बोलावली आणि नंतर गोकुळदासला फोन केला.

गोकुळदास सरकारी इस्पितळात आला तेव्हा धाकूच्या हाताला प्लास्टर चढत होतं. विनोदिनीने काय घडलं ते त्याला बाहेरच्या बाकावर सांगितलं. तो ऐकत राहिला. त्याने एकदाच तोंड उघडलं, "तो थयच उभो ऱ्हवलो?" आणि मग आत जाऊन धाकूच्या पायथ्याशी उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने नारळाचं पाणी आणून दिलं. धाकूने डाव्या हाताने ते घेतलं.

गाडी ओढून बाबलीकडे नेली. बाबलीने पाइप उतरवून तिच्यासमोर धरला. टर्बोकडून हवा थंड करणाऱ्या जाळीकडे, म्हणजे इंटरकूलरकडे, जाणारा जाड रबरी पाइप खालच्या अंगाला, क्लिपेजवळ चिरला होता. नुसता बघितला तर चीर मिटलेली, रेषाही दिसू नये अशी. बाबलीने दोन्ही अंगठ्यांनी पाइप वाकवला तेव्हा ती तोंड उघडल्यासारखी उघडली. तेलाने रबर मऊ पडलं होतं.

"हवा हांगासून वता," बोट गरगर फिरवत तो म्हणाला. "म्हणून टर्बो जीव काडून घुंवतालो. घुंवून घुंवून ताचें सील गेलें. मागीर ऑइल सगळें हवेच्या पायपांत."

इंटरकूलर उलटा केल्यावर त्यातून परातभर काळं ऑइल आलं. धाकू ज्या ऑइलचे डबे मागत होता ते इथे साठत होतं. चढावर गाडी नाक वर करून उभी, त्यात इंजिनावर ओझं; साठलेलं ऑइल इंजिनात ओढलं गेलं आणि इंजिन त्याच्यावरच पळत सुटलं. बाबलीने टर्बोचा पंखा बोटाने हलवून दाखवला, तो पडायला आलेल्या दातासारखा हलत होता.

"हांवें उबी करून पळयली, थंयच चुकलों," उभी गाडी तपासल्याची चूक बाबलीने कबूल केली. त्याने पाइपाचा तो तुकडा कचऱ्यात न टाकता खिळ्याला टांगून ठेवला, का ते त्याने सांगितलं नाही.

विनोदिनी रविवारी साटेली-भेडशीला गेली. गोकुळदास येतो म्हणाला होता, तिनेच त्याला थांबवलं. धाकूची बायको पार्वती अंगणात काजूगर वाळत घालत होती. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि परत काजूंकडे वळली. तिच्या पाठीकडे बघून विनोदिनीला कळलं की या घरात डिझेलची गोष्ट अपघाताच्या खूप आधी पोचली आहे.

"तेंका जेवणाक एका हातान घास घेवचो लागता," पार्वती न वळता म्हणाली. "डाव्या हातान."

"मी चुकलंय," विनोदिनी म्हणाली.

पार्वती काजूगर पसरत राहिली. धाकू ओटीवर आला, गाडीची चौकशी केली, टर्बो कुठून आणला, इंटरकूलर नीट धुतला का, पिस्टनला काही झालं का. इंजिन वाचलं हे ऐकून त्याच्या चेहऱ्यावर बरं वाटल्याचं दिसलं. निघताना तिने विचारलं, गाडी तयार झाली की एकदा सोबत बसाल का. बाबली ठीक म्हणतो, पण मागच्या खेपेलाही तो ठीकच म्हणाला होता. धाकू बायकोकडे बघून म्हणाला, "बसतंय."

मे महिन्याच्या शेवटी गाडी तयार झाली. विनोदिनीने डिचोलीला खडी भरली आणि स्वतः चालवत निघाली. धाकू बाजूच्या सीटवर, प्लास्टरचा हात मांडीवर. भरलेली गाडी एवढ्या लांब तिने कधी चालवली नव्हती. पुलावर एक बस अंगावर आली तसा तिने ब्रेकवर पाय नेला, धाकू म्हणाला, "तुमची बाजू सोडू नका. ती जातली." बस गेली.

सड्याचा चढ आला. तिने गियर खाली घातला आणि पाय दाबला. तीच काजूची झाडं, फुटलेल्या चिऱ्याचे लाल तुकडे अजून कडेला पडलेले. अर्ध्या चढावर तिचे हात घामाने स्टिअरिंगवरून घसरायला लागले. कान त्या फुरफुरीची वाट बघत होते. त्याऐवजी टर्बोची बारीक शीळ आली, वाढत गेली, आणि गाडी खडीचं ओझं घेऊन वर चढत राहिली. आरशात धूर नव्हता.

माथ्यावर आल्यावर तिने गाडी बाजूला घेतली. डोक्यावरून एक विमान खाली उतरत होतं.

"धाकूभाऊ," ती म्हणाली, "मी तुमच्या खोलयेच्या मागे जावन बघितलंय. माका माफ करा."

"माफी कसली," तो म्हणाला. मग जरा थांबून, समोर बघत, "माका एकदा इचारूचा होता. धाकू, तू डिझेल काढतस काय, एवढाच. मी नाय म्हणान सांगलं असतंय, मगे तुमी इश्वास ठेवा नायतर ठेवू नका. पण तुमी इचारलातच नाय. म्हयनोभर माझ्या पिशयेकडे बघत ऱ्हवलात."

विनोदिनीने घामेजलेले हात पुसले.

"आमच्याकडे शाळेच्या बसीक ड्रायव्हर होयो असा," तो म्हणाला. "जूनाक हात सुटतलो. मी हो म्हणान सांगलंय. घराकडे ऱ्हवाक मेळतला."

"गाडी आता बरी झाली," ती म्हणाली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच अपुरं वाटलं.

"बरी झाली. टर्बो नवो असा, पयले थोडे दिवस जास्त ओढू नका तिका. बंद करूच्या आधी जरा वेळ तशीच चालू ठेवा."

मोरजीला खडी ओतून परतताना तिने त्याला पेडण्याच्या बस स्टँडवर सोडलं. दोडामार्गाला जाणारी बस लागलेलीच होती. तो दाराच्या दांड्याला डाव्या हाताने धरून खाली उतरला, बसमध्ये चढला आणि खिडकीपाशी बसला. त्याने हात केला, तिनेही केला. बस गेली.

टिपर स्टँडच्या तोंडाशी आडवा उभा होता. मागे रिक्षा, एका बाजूला भाजीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका, दुसऱ्या बाजूला गटार. पाठीमागे उभं राहून "येवा, येवा" म्हणणारा आज कुणी नव्हता. विनोदिनीने दोन्ही आरसे बघितले, खिडकीतून डोकं बाहेर काढलं, रिक्षावाल्याला हाताने सरकायला सांगितलं आणि रिव्हर्स गियर घातला.